कासिमिरो मास्तरांचं बरोबर उत्तर

“आम्ही बटाटा थंडीत गोठवून वाळवतो, तर तो काळा पडतो. शेजारणीचा मात्र पांढराशुभ्र. ती बाई काही करणी करते का, एवढंच सांगा मास्तर.”

फोनवरच्या बाईचं ऐकून कासिमिरो मास्तर मायक्रोफोनजवळ सरकले. “करणी नाही हो. ती बटाटे कित्येक दिवस ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवते, वरून गवत झाकते. तुम्ही उन्हावाऱ्यात टाकता. कापलेलं सफरचंद हवेने काळं पडतं ना, तसंच. आता मी म्हणतो ते खरं की खोटं बघायचं असेल, तर मूठभर बटाटे तुम्हीही ओढ्यात ठेवून बघा. पांढरे निघाले तर शेजारीण सुटली.”

“आणि काळेच निघाले तर?”

“तर पुढच्या रविवारी फोन करा. मी चुकलो असं इथूनच सांगेन.”

काचेपलीकडे बसलेल्या ग्रासिएलाबाई हसल्या. त्या ला पाझहून आल्या होत्या. पठारावरच्या लहान रेडिओ केंद्रांतल्या लोकांना कार्यक्रम कसा करावा हे शिकवायला त्यांना एक माणूस हवा होता. म्हणून मास्तरांनी आज इस्त्रीचा सदरा घालून वर टाय बांधला होता. रेडिओवर टाय कुणाला दिसणार होता?

वायापाता गावात रविवार सकाळ म्हणजे मास्तरांचा कार्यक्रम. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. वडिलांच्या घरात लेकीचा वाटा किती, मेंढीचं पोट का फुगतं, मुलगा बायकोचंच ऐकतो त्यावर काही औषध आहे का. काहीही विचारा. मास्तर आधी प्रश्न सोपा करून सांगत, मग उत्तर, मग कारण. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणत. आणि त्याही आधी समोरच्याला विचारत, “हे तुम्हाला कसं कळलं?” शाळेतली पोरं त्यांची नक्कल याच वाक्याने करायची.

पुढचा फोन आला.

“मास्तर, माझा एक मित्र आहे. त्याचं रक्त एबी गटाचं. मागच्या महिन्यात त्याच्या मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिचं निघालं ओ. असं होतं का?”

तो आवाज एलेउतेरिओचा होता. रोज सकाळी गॅसच्या टाक्यांची हातगाडी ढकलत तो गल्लीगल्लीतून ओरडत जाई. त्याच्या हाकेने अख्खं गाव उठायचं. मास्तरांनी पहिल्या शब्दालाच त्याला ओळखलं. ग्रासिएलाबाई पेन्सिल सरसावून पुढे झुकल्या होत्या. असा प्रश्न वर्षातून एखाद्या वेळी यायचा, आणि त्याचं उत्तर मास्तरांच्या जिभेवर अगदी तयार होतं.

“असं समजा,” ते म्हणाले, “एबीवाल्या माणसाच्या एका खिशात लाल मणी आहे, दुसऱ्यात निळा. मूल होताना त्यातला एक त्याला द्यावाच लागतो. दोन्ही मागे ठेवता येत नाहीत. ओ रक्त म्हणजे हातात लालही नाही, निळाही नाही. मग त्या मुलीला देणारा हा माणूस नव्हे.”

“म्हणजे... नाही?”

“नाही.”

 मग फोन बंद झाला. ग्रासिएलाबाईंनी काचेआडून दोन्ही अंगठे वर केले.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर बाजारातून निघाले. एरवी मक्याचं गरम पेय विकणाऱ्या बायका त्यांना हाका मारून पेला पुढे करायच्या. आज त्या आपापल्या पातेल्यात बघत ढवळत राहिल्या. एकीचा रेडिओ अजून चालू होता. मास्तरांना बघून तिने तो बंद केला.

घरी त्यांची थोरली बहीण बेनेदिक्ता दारातच उभी होती. ती गावच्या दवाखान्यात परिचारिका. अंगावरचा डगलासुद्धा तिने काढला नव्हता.

“कासी, तुला आवाज ओळखू आला नाही?”

“फोनवर सगळ्यांचे आवाज—”

“खरं सांग.”

“आला.”

“आणि तरी बोललास?”

“उत्तर चुकलं का माझं, ताई?”

“उत्तर कशाला चुकतंय! अरे, या पठारावर एबी रक्त असतं तरी कुणाचं? इतकी वर्षं बोटं टोचतेय मी, जो तो ओ. गेल्या हिवाळ्यात हे तूच सांगितलंस ना रेडिओवर, ऐटीत? मग त्याला का नाही विचारलंस, बाबा रे, तुझं एबी आहे हे तुला कुणी सांगितलं?”

मास्तर खुर्चीवर बसले. का विचारलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. विचारलं असतं, तर मण्यांचं ते सुंदर उत्तर द्यायला मिळालं नसतं.

“त्याची बायको प्रिमितिवा आणि पोर स्वयंपाकघरात पीठ मळत होत्या,” बेनेदिक्ता म्हणाली. “रेडिओ तिथेच, फळीवर. दोघींनी ऐकलं. बापाचा आवाज पोरीला कळणार नाही होय? तो घरी गेलाच नाही. गाडी अंगणाबाहेर टाकली आणि खाणीच्या ट्रकमध्ये बसून भावाकडे गेला.”

दुसऱ्या दिवशी बहीणभाऊ तशाच एका ट्रकमध्ये बसून खाणीवर गेले. एलेउतेरिओ भावाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. मास्तरांना बघून तो घाईने उठला आणि त्यांच्यासाठी स्टूल पुसू लागला. मास्तरांना वाटलं, याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

“बोट दे,” बेनेदिक्ता म्हणाली.

काचेच्या पट्टीवर रक्ताचे थेंब पडले. तिने त्यात औषध मिसळलं, पट्टी हलवली, उजेडाला धरली. कुठल्याच थेंबात गाठी झाल्या नाहीत.

“ओ. तुझंही ओच आहे. एबी कुणी सांगितलं तुला?”

“सैन्यात असताना...”

“तपासलं होतं?”

एलेउतेरिओ खाली बघू लागला. “तपासलं नाही. हवालदार ओळीने विचारत होता. माझ्या पुढचा शहरातला होता, तो म्हणाला एबी. मला ते भारी वाटलं. मी पण तेच सांगितलं. पुढे मलाच ते खरं वाटायला लागलं.”

एवढ्यावरून मुलगी त्याचीच असं सिद्ध होत नाही. फक्त नाही म्हणायचं कारण उरत नाही, हे मास्तरांच्या मनात चोख उभं राहिलं. ओठ उघडलेही. मग त्यांनी ते मिटून घेतले. एलेउतेरिओ रडत होता, आणि रडता रडता त्यांचाच हात धरून आभार मानत होता.

तो गावी परतला. प्रिमितिवाने त्याला घरात घेतलं नाही. गॅसच्या टाक्यांच्या शेडमध्ये तो झोपू लागला. नीएवेस, त्यांची मुलगी, मावशीकडे ओरुरोला निघून गेली. जाताना ती आईशी बोलली, बापाशी नाही.

त्याच आठवड्यात ला पाझहून फोन आला.

“मास्तर, ते मण्यांचं उत्तर मी सगळ्या केंद्रांना ऐकवणार आहे,” ग्रासिएलाबाई म्हणाल्या. “उत्तर कसं द्यावं याचा नमुना म्हणून. आणि शिकवायला तुम्हीच यायचं.”

“ते कुणाला ऐकवू नका.”

“का? काही चुकलंय का त्यात?”

“नाही. म्हणूनच ऐकवू नका. ऐकणाऱ्याला त्यातलं वाईट काय ते सापडायचंसुद्धा नाही.”  त्यांनी सगळं सांगितलं, टायसकट. शिकवायला येणार नाही म्हणाले. बाईंनीही मग आग्रह केला नाही.

प्रिमितिवाच्या घराकडे जायला मास्तरांचे पाय उचलत नव्हते. दोनदा ते कोपऱ्यावरून परत फिरले. शेवटी एका दुपारी गेले. ती दारापाशी अल्पाकाची लोकर उलगडत बसली होती. मास्तरांनी टोपी काढली.

“रविवारी मी रेडिओवर सगळं नीट सांगतो. चूक माझी होती, रक्त तपासलं—”

“अजिबात सांगू नका.” तिने मान वर केली नाही. “ज्यांनी ऐकलं नाही, त्यांनापण कळेल. आणि सांगणार काय हो? प्रिमितिवा चांगली बाई आहे, बोट टोचून बघितलं, असं? इतकी वर्षं मी या गावात वागले, त्यावरून नव्हतं होय कळत?”

मास्तरांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. 

“माझं सोडा,” ती म्हणाली. “पोरगी जाताना विचारत होती, आई, बाबांना असा प्रश्न पडलाच कसा? आता सांगा. तिला काय सांगू? गावाला सगळं सांगता ना?”

“मला ठाऊक नाही.”

“हं.”

 रस्त्यावरून दोन बायका पाण्याचे डबे घेऊन गेल्या आणि पुढे जाऊन मागे वळून बघू लागल्या.

“मी काय करू, प्रिमितिवा?”

“बसा,” ती म्हणाली. मास्तर आत जायला वाकले तशी ती पुन्हा म्हणाली, “आत नाही. इथे उंबऱ्यावर, तोंड रस्त्याकडे करून. हात पुढे करा.”

तिने लोकरीची मोठी लड त्यांच्या दोन्ही हातांत अडकवली आणि समोर बसून गुंडा वळायला घेतला. शाळा सुटायची वेळ होती. माणसं जाऊ-येऊ लागली. पूर्वीचे विद्यार्थी, बाजारातल्या बायका, चर्चची झाडलोट करणारा म्हातारा. एकेक जण थबकायचा, दोघांकडे बघायचा. “नमस्कार मास्तर,” कुणीतरी म्हणालं, आणि मग थोडं थांबून, “नमस्कार, प्रिमितिवाताई.”

मास्तरांचा हात सवयीने टोपीकडे निघाला आणि धागा ताणला गेला.

“हलू नका,” प्रिमितिवा गुंड्यावरची नजर न काढता म्हणाली. “अजून पुष्कळ आहे.”

मास्तरांनी हात पुन्हा सरळ धरले. कान तापले होते, दंड भरून आले होते. समोरून लोक येत होते, आणि तोंड लपवायला त्यांच्याकडे हात मोकळे नव्हते.