तोमोयाची कॅसेट

जपानमधल्या सबाए गावातली निम्मी घरं चष्म्यांवर जगतात, आणि केइगो मिझोगुचीचं घर त्यांतलंच एक. सव्वीस वर्षं एकाच कारखान्यात त्याचं एकच काम होतं, फ्रेमच्या दोन काचांमधला पूल डाख देऊन जोडायचा. हात इतका स्थिर, की मुकादम म्हणायचा, "ह्याच्या बोटांना नाडीच नाही."

या माणसाला त्रेचाळिसाव्या वर्षी खेळण्यांचं वेड लागलं. जुन्या सामानाच्या दुकानात तो इस्त्री बघायला गेला होता. तिथे मोडक्या मालाच्या निळ्या क्रेटमध्ये त्याला लहानपणीचा, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम दिसला. करडा, विटेसारखा जड, कोपऱ्यावर कुणाच्या तरी दातांचे ठसे. घरी आणून त्याने चार सेल घातले, तर हिरवट पडद्यावर अक्षरं उतरली आणि तो ओळखीचा 'टिंग' वाजला. केइगो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडला. का रडलो ते त्यालाही सांगता आलं नाही.

मग एकाचे चार झाले, चाराचे चाळीस. मेलेल्या पडद्यांच्या रेघा तो जिवंत करायचा, गंजलेले स्प्रिंग घासायचा, कॅसेटी खोलून त्यांच्या आतले बटणाएवढे सेल बदलायचा. बायको चिझुरु पार्सल आलं की दारातूनच ओरडायची, "ये रे, तुझी नवी राणी आली! माझ्या सवतींना आता कपाट पुरत नाही, मला अंगणात झोपावं लागणार."

"तू पहिली राणी."

"पहिलीच सगळ्यात आधी जुनी होते," ती म्हणायची, पण कपाटाचा एक खण तिनेच रिकामा करून दिला होता.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला गावच्या सभागृहात जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन भरलं आणि एक टेबल केइगोला मिळालं. दुपारी गर्दी ओसरल्यावर एक म्हातारी बाई बर्फाचे बूट दारात झटकून सरळ त्याच्याकडे आली. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

"केइ, ओळखलंस का रे?"

न ओळखायला काय झालं? त्या हातानाका काकू होत्या, तोमोयाची आई. गेल्या तेहेतीस वर्षांत तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता. गाव केवढंसं! किराणा दुकानात त्या दिसल्या की तो लोणच्यांच्या रांगेत वळायचा आणि त्या पैसे देऊन जाईपर्यंत मुळ्याच्या बरण्या वाचत बसायचा.

तोमोया आणि तो पहिलीपासूनचे जोडीदार. शाळा सुटली की तोमोयाच्या घराच्या ओट्यावर दोन डोकी एकाच पडद्यावर वाकलेली असायची. पाचवीत तोमोया आजारी पडला, त्याला फुकुइच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. केइगो आईबरोबर एकदाच भेटायला गेला. खाटेवर टोपी घातलेला, भुवया नसलेला एक मुलगा बसला होता. तो म्हणाला, "पुढच्या रविवारी तुझा गेम घेऊन ये. मी लय पुढे गेलोय, तुला दाखवतो." केइगो हो म्हणाला. मग दर रविवारी त्याच्या पोटात दुखू लागलं. सतरा मार्चला तोमोया गेला, तेव्हा केइगोने शेवटच्या रांगेत उभं राहून हात जोडले आणि घरी आला.

काकूंनी डबा उघडला. आत रुमालात गुंडाळलेला करडा गेम होता, पाठीत कॅसेट तशीच खोचलेली.

"तू दुरुस्त करतोस असं कळलं. पहिली काही वर्षं मी दर सतरा तारखेला चालू करायचे. मग सेल आत फुटले आणि घाण झाली, म्हणून ठेवून दिला." त्यांनी आवाज खाली आणला. "बघ ना, तोमोया अजून आहे का यात?"

केइगोने आतले पत्रे व्हिनेगरने पुसले आणि आपले सेल घातले. गेम सुरू झाला. 'पुढे चालू' अशी ओळ आली. त्याने बटण दाबलं, आणि पडद्यावर नखाएवढा योद्धा उभा राहिला, एका विहिरीपाशी, पाठ करून.

"आहे," काकू म्हणाल्या. "आहे की रे."

केइगोने दुसरं बटण दाबलं तशी तिघांची यादी आली: तोमोया, मासाकी, गोन. तेविसावी पायरी.

"गोन आमचा कुत्रा."

"आणि मासाकी?"

"शेजारच्या खाटेवरचा पोरगा. तो वाचला. अजून नववर्षाचं कार्ड पाठवतो बिचारा."

त्या यादीत पूर्वी केइगो असायचा. ओट्यावर बसून तोमोयाने स्वतः त्याचं नाव घातलं होतं. केइगोने गेम बंद केला.

"काकू, ही आठवण कॅसेटमधल्या छोट्या सेलवर जिवंत राहते. त्याचे दिवस भरलेत. आज गेला, उद्या गेला, सांगता येत नाही."

"गेला तर?"

"सगळं पुसलं जाईल."

"मग बदल. मार्चच्या सतराला त्याच्या फोटोपुढे ठेवते. पण जपून हं, केइ."

"बावीस कॅसेटींचे बदललेत, काकू. तुम्ही घोर करू नका."

कॅसेटमधलं सगळं उतरवून ठेवणारं एक यंत्र मिळतं. केइगोने ते त्याच दिवशी मागवलं आणि ते गुरुवारी येणार होतं. चार दिवस थांबला असता तर काही बिघडणार नव्हतं. पण कॅसेट टेबलावर होती आणि येता-जाता त्याला ती यादी दिसत होती. काम संपवावं, काकूंच्या हातात ठेवावं, चांगला म्हणवून घ्यावं, अशी त्याला घाई झाली. रविवारी सकाळी त्याने कॅसेट खोलली. जुना सेल काढताना आठवण जाऊ नये म्हणून दुसऱ्या सेलच्या तारा आधी जोडायच्या असतात. त्या त्याने जोडल्या आणि जुना सेल उचलला. त्याच क्षणी एक तार सुटली. त्याने ती परत टेकवली तोवर फार तर एक श्वास गेला असेल. बोटांना नाडी नसलेल्या माणसाची तार सुटली.

नवा सेल बसवून त्याने गेम चालू केला. 'पुढे चालू' ही ओळ नव्हती. 'नवीन खेळ' एवढंच होतं.

चिझुरु योकान मिठाईची बशी घेऊन आली, तेव्हा तो तसाच बसलेला होता. तिने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि बशी खाली ठेवली.

"आत्ताच्या आत्ता जाऊन सांग."

"काय सांगू? तुमच्या मुलाला दुसऱ्यांदा..."

"वेड्यासारखं बोलू नकोस. सेल गेला म्हणून सांग. तू तसंही म्हणाला होतास ना, आज-उद्या जाईल म्हणून?"

"सेल नाही गेला. मी घालवलं."

"मग तेच सांग." 

पण त्याने सांगितलं नाही. प्रदर्शनात त्याने पडद्याचे दोन-चार फोटो काढले होते, संग्राहक मित्रांना दाखवायला. फोटोंत सगळं होतं: यादी, पायरी, कुणाकडे कोणती तलवार, विहीर कुठे, तोंड कुणीकडे. सतरा मार्चला अजून महिना होता.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत केइगो कारखान्यामागे गाडीत बसू लागला. खेळाने सुरुवातीला विचारलं, तुझं नाव काय? त्याने अंगठ्याने एकेक अक्षर शोधत 'तोमोया' लिहिलं. पुढे दुसऱ्या गड्याचं नाव विचारलं. 'केइगो'ची पहिली दोन अक्षरं त्याने लिहिलीही. मग ती खोडून 'मासाकी' लिहिलं.

रोज पाऊण तास आणि रविवारी दिवसभर. डबा तसाच घरी यायचा. चिझुरु म्हणाली, "पोरगा आजारी होता तेव्हा इतका वेळ दिला असतास तर..." आणि जीभ चावून थांबली. तोही तेच म्हणत होता, रोज, गाडीत. चौदा मार्चला तेविसावी पायरी आली. त्याने योद्ध्याला विहिरीपाशी नेलं, पाठ फिरवली आणि खेळ साठवला.

सतराला काकूंनी दार उघडलं तेव्हा घरभर उदबत्तीचा वास होता. फोटोतला तोमोया भुवया असलेला, हसरा. काकूंनी चष्मा लावून पडदा पाहिला, फोटोपुढे धरला.

"बघ बाळा, केइ घेऊन आलाय तुला." मग त्या केइगोकडे वळल्या. "खरं सांगू? मी तुझ्यावर राग धरला होता. तो दर रविवारी दाराकडे बघायचा, आणि मी मनातल्या मनात तुला शिव्या द्यायचे. अकरा वर्षांच्या पोराला! तू रस्त्यात मान खाली घालायचास ते मला दिसायचं, आणि बरं वाटायचं. आज तो राग गेला बघ. तू त्याला जपलंस."

केइगोने खाली डोकं टेकवलं. वर बघायचा धीर झाला नाही. तो निघताना काकूंनी त्याच्या हातात मोठा मुळा दिला, सोबा शेवयांबरोबर किसून खा म्हणाल्या. तो मुळा सिंकखाली पडून सुकला.

तो अकरा दिवस कामावर गेला आणि आला. रस्त्यात काकू भेटल्या तर लांबून हात हलवायच्या, "केइ, जेवलास का?" म्हणायच्या. आधी त्यांचा राग चुकवायला तो लोणच्यांमागे लपायचा. आता त्यांची माया चुकवायला लपू लागला. बाराव्या दिवशी, सुट्टी नसताना, तो कामावरून उठून थेट त्यांच्या दारात गेला आणि उंबऱ्यापाशी उभं राहूनच त्याने सगळं सांगितलं. तार, फोटो, गाडीतले दिवस, सगळं.

काकू ऐकत होत्या. हातातलं फडकं त्या घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घडी घालत होत्या.

"म्हणजे तो कधी गेला?"

"सोळा फेब्रुवारीला. सकाळी."

"आणि मी सतराला ज्याच्याशी बोलले तो?"

काकूंनी फडकं बाजूला ठेवलं.

"चूक कुणाच्याही हातून होते," काकू म्हणाल्या. "त्याच दिवशी आला असतात, तर आपण दोघं मिळून रडलो असतो. तुम्ही माझ्याकडून माफी काढून घेतलीत, आणि आता ती जड झाली म्हणून परत आणून दिलीत. तुम्ही मोकळे झालात, मिझोगुची-सान. मी काय करू?"

केइगोला त्या आयुष्यात पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाल्या होत्या.

त्या आत गेल्या, गेम घेऊन आल्या आणि त्याच्या हातात ठेवला. "हा तुमचा आहे. माझ्या मुलाचा नाही."

तो घरी आला. चिझुरुने विचारलं, "काय म्हणाल्या?" त्याने सांगितलं. ती त्याच्या शेजारी बसली. "तरी सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली, पण तिचाही आवाज तितकासा खात्रीचा नव्हता.

त्यानंतर पार्सलं आली नाहीत. चाळीस गेम कपाटात तसेच राहिले. तोमोयाचा गेम त्याने कपाटात ठेवला नाही, पुसलाही नाही. दोन-तीनदा त्याने 'नवीन खेळ'वर बोट नेलं आणि मागे घेतलं. आपणच घडवलेल्या त्या पोराला पुसायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे त्याला ठरवता येईना. नवा सेल चांगला होता. वीस-पंचवीस वर्षं सहज टिकेल असा.

एप्रिलच्या सतराला तो काकूंच्या दारात गेला. दार उघडलं नाही. आत चुलीवर काहीतरी उकळत असल्याचा आवाज येत होता. मे महिन्यातही तेच. चिझुरु म्हणाली, "त्यांना त्रास देतोयस की स्वतःला?" तो म्हणाला, "माहीत नाही. पण रविवार चुकवायचे होते तेवढे चुकवून झालेत."

जूनमध्ये दार उघडलं. काकू बाजूला झाल्या. त्याने उदबत्ती लावली आणि फोटोपुढे गुडघे मोडून बसला. काकू तेवढा वेळ स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या. पाय बधिर झाल्यावर तो उठला, बूट घातले आणि आत हाक मारली, "येतो, काकू."

भांड्यांचा आवाज थांबला.

"दार नीट ओढून घ्या," आतून उत्तर आलं. "मांजर येतं."