डिंकातले बुडबुडे

खोल समुद्रातल्या खडकाच्या पातळ चकतीत अरुंधतीला सिलिकाचे सूक्ष्म गोळे सापडले. इंदूरच्या आपल्या कॉलेजात तिने त्यावर दणक्यात भाषण ठोकलं. मग पाहुण्या प्रोफेसरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"मॅडम, हे तर डिंकातले बुडबुडे!"

चकत्या घासून काचेवर चिकटवणाऱ्या विजयभियाने या काचेवर 'खराब है' अशी चिठ्ठी लावली होती. याला काय कळतंय, म्हणून तिनेच ती फाडली होती. बाई विद्वान ना!

"गलती माझी, सर," मागून विजयभिया म्हणाला. "चिठ्ठी लावायची राहून गेली."

सगळे त्याच्याकडे वळले.

"पुढच्या वेळी ध्यान ठेवा," अरुंधती बोलून गेली.

"जी मॅडम," तो म्हणाला, आणि तिला मान वर करवेना.