गाडी न लागणाऱ्या बाई आणि मी

मी ऑपरेशनच्या वॉर्डातला किडनी ट्रे, म्हणजे उलटी आली की हनुवटीखाली धरतात ते वाकडं भांडं, बोलतोय. लगेच नाक मुरडू नका! स्टीलचा आहे, घासूनपुसून लख्ख आहे आणि लोकांच्या पोटातलं निमूटपणे माझ्या पोटात घालतो.

माझी सख्खी भावंडं त्याच पत्र्यातून जेवणाची ताटं झाली. पक्वान्नं आधी त्यांना भेटतात, मग मला. नशीब एकेकाचं!

मोटार शिकवणाऱ्या बाईंची नि माझी ओळख गेल्या वर्षीची. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर त्यांना दुखण्यावरचं इंजेक्शन दिलं, आणि बाई मला ज्या बिलगल्या त्या संध्याकाळपर्यंत सोडेनात. प्रत्येक उबळीला टाके ओढले जायचे नि बाई कळवळायच्या. मला फार वाईट वाटायचं.

यंदा त्या हर्नियासाठी आल्या. आल्या आल्या यजमानांच्या कानात म्हणाल्या, "कितीही दुखू दे, दात-ओठ खाऊन पडून राहीन. पण ते इंजेक्शन नको."

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. नेमक्या बाईंच्याच हाताखाली गाडी शिकलेल्या! जुनी फाइल अजून कपाटातच होती, म्हणून त्यांनी विचारलं, "मॅडम, मागच्या वेळी उलट्या झाल्या होत्या? गाडी लागते का?"

"मला? अगं, गाड्या मला घाबरतात!"

यजमान छताकडे बघू लागले. मी टेबलाच्या काठावर तळमळत होतो. अहो बाई, खरं बोला की! शेवटी यजमानांचा कोपर मला लागला म्हणा किंवा मीच उडी घेतली म्हणा, मी खणखणत थेट बाईंच्या पायाशी पडलो. मला बघताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि दोन्ही हात तोंडावर गेले.

"मॅडम?" डॉक्टरांनी भुवया उंचावल्या.

"मागच्या सीटवर बसली की दुसऱ्या वळणाला पिशवी लागते," यजमानांनी भांडं फोडलं. "मागच्या वेळी तर हाच ट्रे उराशी धरून होती."

डॉक्टर हसल्या नाहीत. "बरं झालं कळलं. गाडी लागणाऱ्यांना ऑपरेशननंतर उलट्याही जास्त होतात. उलटी होऊ नये म्हणून भुलीबरोबरच औषधं देते. दुखणंही थांबवू, पण मळमळवणारं इंजेक्शन लागलंच तर अगदी थोडं. सोसत पडायचं नाही हं."

ऑपरेशन झालं. बाई जाग्या झाल्या. यजमान मला त्यांच्या हनुवटीखाली धरून उभे, नर्स सज्ज, मीही श्वास रोखलेला. बाईंनी तोंड उघडलं... आणि म्हणाल्या, "अहो, माझा चष्मा कुठाय?"

चष्मा माझ्यातच ठेवला होता! इतका हलका संसार मी कधी केला नव्हता.

घरी निघताना डॉक्टर स्वतः गाडी घेऊन आल्या. टाके जपायचे म्हणून बाईंना मागच्या सीटवर पाय पसरून बसायला सांगितलं. बाई दारात थबकल्या, साऱ्या वॉर्डाकडे वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, तो पोचा पडलेला ट्रे द्या. मला गाडी लागते!"

तेव्हापासून मी शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर असतो. मंडळी, डॉक्टरांनी विचारलं तर लाजू नका, खरं सांगा. प्रत्येक वेळी पडायला मी तिथे नसेन.