झरोक्यातला बोळा

कादिर दम्माममध्ये अकरा वर्षं घरोघर गॅसच्या शेगड्या आणि हीटर बसवत होता. थंडी आली की त्याला मान वर करायला फुरसत नसे. वाळवंटात कसली आलीय थंडी, असं गावचे लोक म्हणत. त्यांना जानेवारीत दम्मामच्या गच्चीवर एक रात्र निजवायला हवं होतं, म्हणजे कळलं असतं. काम चोख होतं त्याचं. नळीच्या सांध्याला साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला तर पुन्हा आवळायचं. मग ज्योत बघायची. निळी असेल तर ठीक. पिवळी होऊन लवलवायला लागली तर समजायचं, खोलीत हवा कमी पडते आहे. शेवटी स्टुलावर चढून छताजवळच्या झरोक्याला तळवा लावायचा आणि वारा हाताला लागला की उतरायचं.

तळवा लावायची ही सवय तीन वर्षांपूर्वीची. तिथे हात नेला की दर वेळी त्याच्या कानाशी यासीन बोलायचा. 'बंद कर रे तो झरोका, वारा झोंबतो.' हळू, कुरकुरत, जिवंतपणी बोलायचा तसाच. गिऱ्हाईक मागे उभं असायचं आणि कादिरच्या पाठीवरून भर थंडीत घाम ओघळायचा.

यासीन त्याच्याच गावचा, हर्णैचा. अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत त्याच्या खोलीत कादिरनेच हीटर बसवला होता. वाऱ्याने झोप लागत नाही म्हणून यासीनने दोन दिवस डोकं खाल्लं, तेव्हा कादिरने आपली जुनी लुंगी गुंडाळून झरोक्यात कोंबली. मित्राचा शब्द मोडवत नाही, असली ही भलाई. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पहिला आत गेला. यासीन पडला होता, गाल लालसर, झोपेतल्या पोरासारखा. कादिरने हीटर बंद केला, खिडकी उघडली, स्टुलावर चढून लुंगी ओढून काढली आणि मगच लोकांना हाक मारली. पोलिसांना सांगितलं, याचा बापही हार्टनेच गेला होता. कागदावर हार्ट लिहिलं गेलं आणि यासीनला दम्मामच्या मातीत ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती झाकून धरणाऱ्याची बोटं काय म्हणतात ते कुणी विचारत नाही.

आणि आता लढाई सुरू झाली होती. इराकची क्षेपणास्त्रं येत होती आणि त्यांत विषारी वायू असणार या धास्तीने सगळं शहर एकेक खोली सील करत होतं. खिडक्यांना प्लास्टिक, फटींना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल. दुकानांतली चिकटपट्टी दोन दिवसांत संपली. कादिर आपल्या गिऱ्हाइकांच्या घरोघर फिरत सुटला. सील केलेल्या खोलीत हीटर लावू नका, अंगावर दुलया घ्या, ती आग तुमचीच हवा खाते. काहींनी ऐकलं, काहींनी वेड्यात काढलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी सगळ्यांची गत, डोळे आभाळाकडे आणि मरण पायाशी.

एकच घर त्याने पाच दिवस टाळलं. अमिरुन्निसाचं, म्हणजे यासीनच्या बहिणीचं.

सहाव्या दिवशी असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाल्यावर तो गेला. तिचा नवरा जुबैलच्या कंपनीत अडकला होता, घरात ती आणि दोन मुलं. ओढणी डोक्यावर सारखी करत तिने हसून दार उघडलं. यासीनची मय्यत याने उचलली, दफन याने केलं, म्हणून हा माणूस तिला सख्ख्या भावाच्या जागी होता.

"या कादिरभाई. बघा, सगळं एकटीने केलंय मी. भोंगा वाजला की लगेच आत यायचं. अर्धा तास झाला, खोली तापवून ठेवलीय."

खोली तिने नवरीसारखी नटवली होती. खिडकीवर दुहेरी प्लास्टिक, झरोक्यावर पुठ्ठा आणि त्यावर चिकटपट्टीचे चार थर. मधोमध त्यानेच गेल्या वर्षी बसवलेला हीटर जळत होता आणि त्याची ज्योत पिवळी होती. चार वर्षांची इकरा दुलईत खोकत होती. सात वर्षांचा अरीब भिंतीला टेकून बसला होता.

"अम्मी, मेरा सर दुख रहा है," तो म्हणाला.

"भितोय," अमिरुन्निसा म्हणाली. "भोंग्याला भितो तो."

'किती ऊब आहे बघ,' यासीन कानाशी म्हणाला. या खेपेला तो कुरकुरत नव्हता.

त्याने चटकन चावी फिरवून हीटर विझवला, दार सताड उघडलं आणि मुलांना बाहेरच्या खोलीत काढलं.

"हे काय करताय? इकराला डॉक्टरने गारठ्यात ठेवू नका सांगितलंय!"

"सील केलेल्या खोलीत हीटर नाय चालत. सिलिंडर फुटंल."

"मंग सिलिंडर भायर ठेवते, नळी लांब करून द्या."

"नको. मी हीटरच घेऊन जातो."

"न्या. मी कोळशाची शेगडी पेटवीन. पोरगी गारठून मरायला नाय ठेवणार मी." तिचा आवाज चढला. "माझा भाऊ असल्याच हीटरपाशी निजायचा. त्याला हीटरने कधी काय केलं? त्याचं काळीजच कमजोर, त्याला कोण काय करणार!"

कादिरचंच खोटं तिच्या तोंडून त्याच्यासमोर येऊन उभं राहिलं होतं. तो निघून गेला की ती शेगडी पेटवणार, पुन्हा पट्ट्या लावणार आणि भोंगा वाजला की दोन्ही पोरांना घेऊन आत बसणार. अरीबचं डोकं दुखेल, मग दुखायचं थांबेल. कोळसा तर गॅसपेक्षा वाईट. हे सगळं त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं. आणि ते टाळायला एकच गोष्ट होती, जी त्याने तीन वर्षं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. त्याला फार भीती वाटली. पोलिसांची नाही, राहण्याचा परवाना, तो इकामा जाईल याचीही नाही. ही बाई आपल्याकडे पुन्हा कधी हसून बघणार नाही, याची.

"यासीन काळजाने नाय गेला," तो म्हणाला.

"मंग कशाने गेला?" ती म्हणाली.

"झरोका मी बंद केला होता. माझ्या लुंगीने. हीटर चालू होता, हवा कुठून येणार? तो झोपेतच गेला. सकाळी मी लुंगी काढली आणि मंग लोकांना बोलावलं. हार्ट मी सांगितलं. डॉक्टरने लिहिलं ते माझंच." त्याने हीटरकडे बोट दाखवलं. "अमिरुन, ज्योत पिवळी होती आता. पोराचं डोकं भीतीने दुखत नव्हतं."

ती खाली बसली. रडली नाही. मुलाला जवळ ओढून तिने त्याच्या कपाळाला हात लावला, मग गालाला, मग पुन्हा कपाळाला. गल्लीत कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती काही केल्या चालू होत नव्हती. मग अमिरुन्निसा उठली, आतल्या खोलीत गेली आणि स्टुलावर चढली. चिकटपट्टी फाडल्याचा लांब चर्र आवाज आला. पुठ्ठा जमिनीवर पडला.

कादिर दाराकडे निघाला. चपलेत पाय घालतो तोच भोंगा वाजला.

त्याने कडीला हात लावला. मागून ती म्हणाली, "थांबा."

"मी जातो. जवळच हाय माझी खोली."

"आत बसा म्हणते ना. माणसाला आत मरायला टाकून जायचं, भायर मरायला टाकून द्यायचं, ते मी नाय करणार. ते तुमचं काम."

सगळे त्या थंड खोलीत बसले. मुलं दुलईत आणि दुलईवर आणखी एक गोधडी. उघड्या झरोक्यातून भोंग्याचा आवाज सरळ आत येत होता. कुठेतरी लांब धडाड झालं, खिडकीचं प्लास्टिक फुगलं आणि खाली बसलं. इकराने कानांवर हात ठेवले. अमिरुन्निसाने तिकडे पाहिलंही नाही, तिची नजर कादिरवरून हटत नव्हती.

"तुम्ही आत गेलात तेव्हा तो कुठल्या कुशीवर होता?" तिने विचारलं.

"उजव्या."

"अंग गरम होतं?"

कादिर झरोक्याकडे बघू लागला.

"तुमाला विचारते मी. गरम होतं?"

"थोडं," तो म्हणाला. "मी आधी झरोक्याकडे गेलो. त्याच्याकडे नंतर."

"किती नंतर?"

धोका टळल्याचा भोंगा वाजला. शेजारीपाजारी दारं उघडली, माणसं एकमेकांना हाका मारू लागली. ती उठली नाही, आणि त्यालाही तिने उठू दिलं नाही.

"किती नंतर, कादिर?"