बरकतीचा रोल

लातूरच्या रेणुकादास सरांना पन्नाशीत रोलच्या कॅमेऱ्याचं खूळ लागलं. माणसांचे फोटो त्यांना जमेनात. माणसं हलतात, अन् वर लगेच ‘दाखवा बघू’ म्हणतात. वस्तू बिचाऱ्या गप बसतात. वर्गात पंचवीस वर्षं भूगोल शिकवून गप बसणारं कुणी मिळालं नव्हतं, म्हणून सर वस्तूंकडं वळले.

त्याच सुमारास अर्धापूरहून चंद्रप्रभाच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, माहेरची केळीची फणी आली. ही शेवटचीच. दादांनी, तिच्या वडिलांनी, लावलेली बाग मोडून भाऊ आता हळद लावणार होता. दादा जाऊन वर्ष झालेलं. फणी हातात घेऊन ती म्हणाली,

“मोबाइलवर एक फोटो काढून ठेवते.”

“मोबाइलवर? छे! अगं, ही चीज रोलवर उतरवायची. अन् फोटो होईस्तोवर कुणी हात लावायचा न्हाई.”

खिडकीजवळ स्टूल मांडलं, त्यावर पितळी तांब्या, तांब्याला टेकून फणी. एक दिवस ऊन तिरपं पडलं, एक दिवस ढग आले. केळी पिकली, घरभर घमघमाट सुटला, सालीवर ठिपके आले. सर म्हणाले, “आता कुठं रंग भरून राहिला!” एकदा चंद्रप्रभा त्यांच्यासाठी बशी घेऊन आली, तर डोळा कॅमेऱ्यातून न काढताच ओरडले, “उचल ते! सावली पडून राहिली.”

रोल छत्तीस फोटोंचा, पण अडतीस झाले तरी संपेना.

“बघितलंस? हातगुणच तसा. बरकत हाय रोलला!”

शेवटी रोल उलटा गुंडाळला तोही कसा अलगद फिरला. सरांनी त्याचंही श्रेय स्वतःच्या बोटांना दिलं. काळी पडलेली फणी गायीच्या मुखी गेली अन् रोल धुवायला नांदेडला, रामलिंगच्या स्टुडिओत.

रामलिंगचा फोन आला. “सर, रोल कोरा हाय. कॅमेऱ्याच्या दातात बसलाच न्हाई, मग पुढं सरकणार कसा? तुम्ही नुसताच खटका दाबून राहिलात.”

बरकत म्हणे! सरांना स्वतःचीच लाज वाटली. बायकोसमोर जाऊन ते कसेबसे म्हणाले, “चुकलं माझं. फोटो एकही आला न्हाई. निदान तू तरी एखादं केळं खायला पाहिजे होतंस.”

“खाल्लं की.”

“कधी?”

“मागच्या बाजूची दोन तोडली होती. तुमच्या कॅमेऱ्याला कुठं दिसत होती?”

इतके दिवस एक डोळा मिटून टक लावलेला हा कलावंत, अन् फणीतली दोन केळी गेल्याचा पत्ता नाही! सरांना हसूही आलं अन् गलबलूनही आलं.

“गोड होतं?”

“लई. दादा असताना होती तशीच.”

“मग दुसरं मला ठेवायचंस ना गं.”

“सोलून, बशीत घालून आणलं होतं,” चंद्रप्रभा म्हणाली. “तुम्हीच म्हणलात, उचल ते, सावली पडून राहिली.”