न दिलेला नकार : जिन्याखालच्या फलकाची कैफियत

माझ्यासमोर जो थांबतो, तो बहुधा चपलेचा पट्टा लावायला थांबलेला असतो. मला वाचायला सहसा कुणी थांबत नाही. पण मित्रांनो, आज तुम्ही थांबलाच आहात तर ऐका. मी या चार मजली इमारतीच्या जिन्याखाली टांगलेला जुना सूचनाफलक आहे. वय विचारू नका. माझ्या अंगावरचं कापड एके काळी हिरवं होतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

एका सुताराने मला दारांच्या उरलेल्या लाकडातून घडवलं. "दार झाला असतास तर दिवसभर आपटून घेतलं असतंस, त्यापेक्षा हे बरं," असं तो रंधा मारताना म्हणाला होता. त्याला टाचण्यांची कल्पना नसावी.

पहिला कागद मला अजून आठवतो. तेव्हाच्या कारकुनाने तो चार टाचण्यांनी लावला आणि दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून पाहिला. त्यावर भाडेकरूंचे हक्क लिहिले होते. लहान घरातल्या भाडेकरूचं कुटुंब वाढलं तर त्याने मोठ्या घरासाठी अर्ज करावा. इमारतीतलं मोठं घर रिकामं झालं की आधी त्याला विचारावं, बाहेरच्याला नंतर. ज्याचा अर्ज आधी, त्याचा नंबर आधी. खाली आणखी चार ओळी होत्या. लोक घोळका करून तो वाचायचे, एकमेकांना समजावून सांगायचे. तेव्हा मला मान होता.

मग पाणी बंद राहण्याच्या सूचना आल्या, सापडलेल्या छत्र्या आल्या, हरवलेलं मांजर आलं. कारकून बदलले. जुना कागद काढायचे कष्ट कोण घेणार? नवा कागद जुन्यावरच लागायचा, टाचण्या संपल्यावर तर खळीने चिकटवला जायचा. मी फुगत गेलो आणि हक्कांचा कागद तळाशी गेला. वरच्या कोपऱ्यात मोठ्या घरासाठी अर्ज केलेल्यांची यादी तेवढी दर महिन्याला नवी लागायची.

त्या यादीत तळमजल्यावरच्या शिवणवाल्या ताई नऊ वर्षं होत्या. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि माणसं सहा. शिलाई मशीन सरकवल्याशिवाय दार पुरतं उघडत नसे, म्हणून गिऱ्हाइकांची मापं माझ्यासमोरच घेतली जायची. कोणाची कंबर किती वाढली हे मला ठाऊक आहे, पण मी बोलणार नाही. ताईंच्या सासूबाईंची खाट स्वयंपाकघरात होती. त्या उठल्याशिवाय चूल पेटवायची पंचाईत, म्हणून त्या बिचाऱ्या झोप झाली नसली तरी उठून बाहेर यायच्या आणि माझ्याखालच्या बाकावर बसायच्या. रोज मला वाचणारं माणूस तेवढं एकच.

"काय गं, आपला नंबर?" सून बाहेर आली की त्या विचारायच्या.

"दुसरा, आई."

"मागच्या वर्षीही दुसराच होता. पहिला काय मरायला टेकलाय का?"

पहिला मेला नाही, गाव सोडून गेला. ताईंचा नंबर पहिला झाला, आणि पुढच्याच महिन्यात पहिल्या मजल्यावरचं तीन खोल्यांचं घर रिकामं झालं. कारकून आले. सगळे त्यांना शिक्केकाका म्हणायचे, कारण शिक्का मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "अभिनंदन, ताई! तुमचा नंबर लागला."

नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या नंबरवरच्या नर्सबाई जिना उतरत होत्या. एक बाळ खांद्यावर, एक कडेवर, डोळ्यांत झोप. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आधी यांना द्या हो. जुळी आहेत. आम्ही काय, पुढच्या वेळी घेऊ."

बाकावरून सासूबाई म्हणाल्या, "भीड भिकेची बहीण, सूनबाई." पण तोवर शिक्केकाका मान डोलावून निघूनही गेले होते.

पुढच्या महिन्याची यादी लागली. ताईंनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर. त्यांचं नाव अकरावं होतं. अगदी शेवटचं.

"काका, काहीतरी चुकलंय."

"काही चुकलं नाही. तुम्ही नकार दिलात. नकार दिला की नाव शेवटी."

"नकार कुठे दिला? आधी यांना द्या म्हटलं."

"ते तुमच्या मनात, ताई. कागदाला मन नसतं."

ताई मशीन सरकवून आत गेल्या. नऊ वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची, या विचारानेच माणूस थकतो. मीही थकलो होतो. कारण उत्तर माझ्याच पोटात होतं आणि मला तोंड नव्हतं.

नर्सबाईंना मात्र नव्या घरात घास गोड लागेना. "पूर्वी इथे काही नियम होते ना हो?" असं त्यांनी सासूबाईंना विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "होते की. लग्न होऊन आले तेव्हा दिसायचे. या फळ्यावरच्या कागदांखालीच कुठेतरी गाडले असतील."

रविवारी सकाळी नर्सबाई कोमट पाणी आणि कापूस घेऊन आल्या. जखमेला चिकटलेली पट्टी सोडवावी तसा एकेक कागद त्यांनी भिजवून, कड उचलून, न फाडता काढला. मित्रांनो, इतक्या मायेने मला कुणीही हात लावला नव्हता. दुपारपर्यंत तळ लागला. त्यांनी शिक्केकाकांना बोलावलं आणि सर्वांसमोर सहावी ओळ वाचली : "नकार लेखी व भाडेकरूच्या सहीचा असेल तरच धरावा. तोंडी बोलण्यावरून क्रम बदलू नये."

शिक्केकाकांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "मी चौदा वर्षं इथे आहे," ते हळूच म्हणाले. "हा कागद मला कुणी दाखवलाच नाही."

"त्यावर तुम्हीच मांजर चिकटवलंत," सासूबाई म्हणाल्या.

शिक्केकाकांनी तिथेच नवी यादी लिहिली. ताई पहिल्या. शिक्का मारताना त्यांचा हात जरा जपूनच पडला.

चार महिन्यांनी घर मिळालं, पण चौथ्या मजल्यावर. जिना उभा आणि सासूबाईंचे गुडघे गेलेले. ताई अडल्या. "आई, खालचं एखादं रिकामं होईपर्यंत थांबूया का? हा नकार नाही, असं लेखी देते हवं तर."

"आता माझी भीड नको धरूस," सासूबाई म्हणाल्या. "मला माझी खोली दे आणि दार लावून झोपू दे. उतरायचं आहे कोणाला?"

दोन शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून वर नेलं. त्यानंतर त्या उतरल्या नाहीत. ऐकतो की, त्या उजाडल्यावरही झोपतात. बाक रिकामा असतो. मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटते.

माझ्यावर पुन्हा कागद साचू लागले आहेत. म्हणून एकच मागणं आहे, मित्रांनो. नवा कागद लावण्याआधी जुना वाचा. आणि शेजाऱ्याला आपली जागा जरूर द्या, ते माणसाचं काम आहे. पण देताना आपलं नाव कुठे लिहिलं जातंय, ते उभं राहून बघा. भलेपणाची नोंद कुणी ठेवत नाही, नकाराची मात्र लगेच होते.