पट्टीवर एकच रेघ

रविवारी सकाळी मंद्रूपच्या शाळेमागच्या मैदानावर एवढी माणसं जमली होती, की तिथं आजवर झालेल्या सगळ्या फुटबॉल सामन्यांचे प्रेक्षक एकत्र केले असते तरी कमी पडले असते. अर्थात आज सामना नव्हता. सामना असता तर एवढं कोण आलं असतं? आज फुटबॉलवाले महाराज आले होते.

जोतिराम महाराजांचं आसन बरोबर पेनल्टीच्या ठिपक्यावर मांडलं होतं. अंगात भगवा कुर्ता, पायात खिळ्यांचे खेळाडूचे बूट. पुढ्यातल्या परातीत पिवळाधमक भंडारा, आणि त्या ढिगात निम्मा बुडालेला फुटबॉल.

"ह्यो भंडारा साधा न्हाय," महाराज माईकवर गरजले. "ह्यात एकवीस मुळ्या हायत, एक मंत्र हाय आणि एक गुपित हाय!"

यातलं शेवटचं तेवढं खरं होतं, हे लोकांना आठवडाभरानं कळलं.

"सकाळ-संध्याकाळ चिमूटभर जिभंवर ठिवा. दम लागणार न्हाय, दुखणं ऱ्हाणार न्हाय. एकतीस खेळाडू घडवलेत आमी. आता तुमी म्हणाल, महाराज, मोठ्या खेळात पोरांची लघवी तपासत्यात, त्याचं काय? तर बघा!"

महाराजांनी पेल्यात पाणी घेतलं, चिमूटभर भंडारा टाकला, हळद खाली बसू दिली आणि कुर्त्याच्या खिशातून बोटभर पांढरी पट्टी काढली. "ही डोपिंगची परदेशी पट्टी. दोन रेघा आल्या, तर खेळाडू दोषी. एक आली, तर निर्दोष."

मैदानानं श्वास रोखला. पट्टीवर एक लाल रेघ उमटली. दुसरी आली नाही.

"चांगभलं!" लोक ओरडले. भंडारा उधळला गेला. महाराजांनी पुढ्यात उभ्या असलेल्या ऋतुराजच्या हातात ती पट्टी ठेवली. "हे तुझं सर्टिफिकेट. जा, पुण्याचं मैदान मार!"

बायका नेहमीप्रमाणे मागं, लिंबाखाली बसल्या होत्या. तिथून ती पट्टी कडब्याच्या काडीएवढी दिसत होती. ऋतुराजची थोरली बहीण प्रियदर्शनी आईशेजारी उभी होती. रसायनशास्त्रात पदवी घेऊन ती अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल रंगवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली होती. मालक म्हणायचा, आमचा रंग जात नाही. प्रियदर्शनी तो टॉवेल पाच वेळा धुऊन बघायची. विश्वास न ठेवण्याबद्दल तिला महिन्याच्या महिन्याला पगार मिळायचा.

"आई, दोन रेघा आलेल्या कुणी कदी बघितल्यात का?"

"गप की गं," अंबुबाई हात जोडून म्हणाल्या. "देवाचं काम चाललंय, हिला रेघा मोजायच्यात."

ऋतुराज मेंढरांमागं पळत मोठा झालेला पोरगा. डाव्या बाजूनं चेंडू घेऊन सुटला, की भल्याभल्यांच्या हाती लागायचा नाही. पुण्याच्या एका व्यावसायिक क्लबानं त्याला करार दिला होता आणि पहिला सामना पंधरा दिवसांवर आला होता. पण निवड चाचणीत त्याचा गुडघा मुरगळला होता. क्लबाला कळलं तर करार जाईल म्हणून त्यानं ते लपवलं आणि महाराजांचे पाय धरले. तीन आठवड्यांत दुखणं गायब. भूक एवढी वाढली, की चार भाकरी खाऊन तो पाचवीकडं बघायचा. चेहरा वाटोळा, तकतकीत झाला.

"तेज चढलंय त्वांडावर," अंबुबाई दृष्ट काढत म्हणायच्या.

रोज सहा किलोमीटर पळणाऱ्या माणसाचं तेज नेमकं गालांवरच का चढावं, हा प्रश्न प्रियदर्शनीशिवाय कुणालाच पडला नव्हता.

"ऋत्या, क्लबात तपासणीचं काय शिकवलंय?" त्या दुपारी तिनं विचारलं.

"चिठ्ठ्या टाकून नावं काढत्यात. ज्याचं नाव निघंल, त्याच्यामागं एक माणूस थेट बाथरूमपतोर येतो. लाज सोडायची. दोन बाटल्या भरायच्या, सील आपणच लावायचं. मग फॉर्म. सात दिवसांत कुटली गोळी, कुटली पावडर घेतली, सगळं लिहायचं."

"मग भंडारा लिहिणार का?"

ऋतुराजनं तिच्याकडं असं बघितलं, की जणू तिनं देव्हाऱ्यात चप्पल ठेवली. "ताई, भंडारा काय औषध हाय व्हय? देवाचा परसाद त्यो. फॉर्मात लिहायचा म्हंजे देवावर संशय घेतल्यागत की."

महाराजांची हुशारी प्रियदर्शनीला तिथंच कळली. हीच पावडर कुणी डबीतून दिली असती, तर ऋतुराजनं क्लबाच्या डॉक्टरला दहा वेळा विचारलं असतं. पण धनगराच्या घरात तळहातावर भंडारा आला, की तो नाकारत नाहीत, हुंगत नाहीत. कपाळाला लावतात आणि जिभेवर ठेवतात. महाराजांनी असं वेष्टन निवडलं होतं, जे उघडून बघणंच पाप.

मंगळवारी आशा सेविका बजाबाई अंबुबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला आल्या. चहा पिता पिता त्यांची नजर देव्हाऱ्याकडं गेली. बिरोबाच्या टाकाशेजारी ती पट्टी उभी होती. अंबुबाईंनी तिला हळदकुंकू वाहून वर एक फूलही ठेवलं होतं. बजाबाईंनी चहा कसाबसा संपवला आणि प्रियदर्शनीला दंडाला धरून अंगणात नेलं.

"पोरी, कुणाचं हाय?"

"काय कुणाचं?"

"आता माज्यापासनं काय लपवतीस? अगं, पर एकच रेघ हाय. म्हंजे काय न्हाय. मग पूजा कशाची घातलीया अंबुबाईनं, सुटकेची?"

"मावशी, कसली पट्टी हाय ती?"

"कसली म्हंजे! दिवस गेलेत का बघायची. माज्या पिशवीत धा पडल्यात."

प्रियदर्शनी धुण्याच्या दगडावर बसून पोट धरून हसली. म्हणजे शेकडो माणसांसमोर, माईक लावून, महाराजांनी एवढंच सिद्ध केलं होतं, की भंडारा गरोदर नाही.

हसू ओसरल्यावर तिच्यातली शास्त्राची विद्यार्थिनी जागी झाली. चाचणी खोटी निघाली, म्हणून भंडारा दोषी ठरत नाही. तो वेगळा तपासायला हवा. दुसऱ्या दिवशी तिनं ऋतुराजच्या पुडीतला चमचाभर भंडारा कारखान्यात नेला आणि तलम कापडातून चाळला. हळद खाली गेली, कापडावर बारीक पांढुरके कण उरले. टॉवेलवरची चमक तपासायच्या अतिनील दिव्याखाली हळद पिवळी लखलखली. कण मढ्यासारखे पडून राहिले, म्हणजे ते हळदीचे नव्हते. ते कण आणि थोडा भंडारा तिनं औषधनिर्माणशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत पाठवले. गुरुवारी उत्तर आलं. प्रेडनिसोलोन. स्टेरॉइड. एकवीस मुळ्यांपैकी एकीचाही पत्ता नव्हता.

शुक्रवारी ती ऋतुराजला घेऊन शहरातल्या सात रस्त्याजवळच्या डॉक्टर रेश्मांकडं गेली. डॉक्टरांनी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं, भूक आणि झोप विचारली, गुडघ्याचा स्कॅन करून घेतला.

"हे तेज नाही, सूज आहे," त्या म्हणाल्या. "आणि गुडघा बरा झालेला नाही. आतली कूर्चा फाटलेलीच आहे. औषधानं फक्त तिची तक्रार बंद केली. दुखत नाही म्हणून तू त्याच्यावर पळतोयस आणि ती आणखी फाटतेय."

"आजपासनं बंद करतो," ऋतुराज पांढरा पडून म्हणाला.

"अजिबात नाही. एवढे दिवस घेतल्यावर एकदम बंद केलंस तर कोसळशील. मी मोजून गोळी देते, हळूहळू कमी करू. हे औषध पोटात असताना सामना खेळायचा नाही. खेळात त्याला बंदी आहे. सापडलं, तर कुणी दिलं हे सांगून सुटका होत नाही. शरीर तुझं, जबाबदारी तुझी. काही वर्षांची बंदी येऊ शकते."

परतताना मंद्रूपची कमान दिसली तेव्हा ऋतुराज म्हणाला, "क्लबाला सांगितलं, तर करार जाईल ताई."

"जाईल कदाचित. न सांगता खेळलास, तर गुडघा जाईल, आणि चिठ्ठी निघाली तर खेळच जाईल."

रविवारी महाराज ऋतुराजला निरोप द्यायला पुन्हा पेनल्टीच्या ठिपक्यावर विराजमान झाले. पेला, भंडारा, पट्टी. एक रेघ. चांगभलं.

"महाराज, एक शंका हाय," लिंबाखालून प्रियदर्शनी चालत पुढं आली. मागून बजाबाई पिशवी सावरत येत होत्या.

"बाईमाणसानं मागं बसून इचारावं," महाराज हसले.

"मागनं पट्टी दिसत न्हाय. तुमचे एकतीस खेळाडू कुटल्या सामन्यात तपासले गेले?"

"सगळे निर्दोष! एक बी सापडला न्हाय!"

गर्दीतून चनबसप्पा उठला. अक्कलकोटकडच्या या गोलकीपरचं नाव महाराजांनी लावलेल्या एकतीस खेळाडूंच्या फलकावर पहिलं होतं. "मी न्हाय सापडलो, खरं हाय," तो डोकं खाजवत म्हणाला. "पर माझी तपासणीच झाली न्हाय की. गावच्या टुर्नामेंटात कोण तपासतंय?"

पहिलं हसू तिथं फुटलं. महाराजांनी माईक घट्ट धरला.

प्रियदर्शनीनं पिशवीतून दोन पेले काढले. "ह्यात नळाचं पाणी. आणि ह्यात," तिनं सगळ्यांना दाखवून एक गोळी चुरून दुसऱ्या पेल्यात ढवळली, "खरं स्टेरॉइड. खेळात बंदी असलेलं. आता महाराज, तुमच्याच खिशातल्या दोन पट्ट्या द्या."

महाराज देईनात. "पट्ट्या मंत्रानं बांधलेल्या हायत!"

"ऱ्हाऊ द्या, माज्याकडं हायत!" बजाबाईंनी पिशवीतून तशाच दोन पट्ट्या काढून उंच धरल्या. "बायांनो, या की गं पुढं! वळखा बघू ह्या कशाच्या!"

लिंबाखालच्या बायका कित्येक वर्षांत पहिल्यांदाच पार पुढं, महाराजांच्या आसनापर्यंत आल्या. मग त्यांच्यातल्या गोजाबाई पदर तोंडाला लावून किंचाळल्याच, "अगं बया! ह्यानं आमाला दिवस गेल्याची पट्टी दावली!"

पुढची दोन मिनिटं महाराजांना माईक असूनही बोलता आलं नाही. दोन्ही पट्ट्या बुडवल्या. साध्या पाण्याला एक रेघ. स्टेरॉइडलाही एकच रेघ.

"बघितलं?" प्रियदर्शनी म्हणाली. "बंदी असलेलं औषध घातलं तरी ही पट्टी निर्दोषच म्हणती. जी कदी न्हाय म्हणूच शकत न्हाय, ती तपासणी नव्हं. आणि तुमच्या भंडाऱ्यात हीच गोळी मिसळलीया. प्रयोगशाळेचा कागद हाय, पोलिसांत तक्रार बी दिलीया."

"सात रस्त्याला मेडिकलच्या काउंटरवर हुता की ह्यो!" मागून कुणाला तरी आत्ता आठवलं. "तवा मला खोकल्याचं औषध चुकीचं दिल्तं!"

महाराजांनी शेवटचा डाव टाकला. "ऋतुराज! करार पायजे का बहिणीचं शास्त्र? सांग समद्यांना, गुडघा दुखतोय का?"

ऋतुराज उभा राहिला. "दुखत न्हाय," तो म्हणाला. महाराज खुलले. "फाटलाय, पर दुखत न्हाय. दुखलं असतं, तर मी थांबलो असतो. क्लबाच्या डॉक्टरला सकाळी फोन केलाय. सगळं सांगितलंय. पहिला सामना मी खेळणार न्हाय."

अंबुबाई पुढं आल्या. परातीतला भंडारा त्यांनी मुठीत घेतला, हुंगला आणि पुन्हा परातीत टाकला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी भंडारा परत केला होता. "आमच्या बिरोबाचा भंडारा निस्ती हळद असती," त्या महाराजांना म्हणाल्या. "त्याला सर्टिफिकेट लागत न्हाय."

पोलीस आले तेव्हा महाराज खिळ्यांच्या बुटांनी ढेकळांतून पळत होते. दम लागून सत्तर पावलांवर बसले. भंडारा बहुधा सोबत घ्यायचा राहिला असावा.

क्लबानं करार मोडला नाही, पण पाच महिने पुढं ढकलला आणि पगार कापला. गोळी कमी होत संपली. गाल उतरले, भूक उतरली आणि गुडघा पुन्हा दुखू लागला. या वेळी त्याचं ऐकून उपचार झाले. चमत्कारानं तीन आठवडे घेतले होते. बरं व्हायला पाच महिने लागले. फरक एवढाच, की या पाच महिन्यांतली प्रत्येक पायरी कुणालाही तपासता येत होती. आपल्यापुढं कुणी पुरावा म्हणून काही धरलं, तर एवढंच विचारावं: हे खोटं असतं, तर ते इथं कसं दिसलं असतं? त्याला उत्तर नसेल, तर हात जोडण्याची घाई करू नये.

बरा होऊन खेळलेल्या पहिल्याच सामन्यानंतर ऋतुराजचीच चिठ्ठी निघाली. बाटल्या भरल्या, सील लावलं, फॉर्म पुढं आला. तपासणी अधिकाऱ्याला विचारून, त्याच्या समोरच, त्यानं बहिणीला फोन लावला.

"ताई, निघताना आईनं आपल्या देवळातला भंडारा जिभंवर ठिवला हुता. लिहू?"

"लिही."

"काय म्हणून लिहू?"

"जे हाय ते."

ऋतुराजनं पेन घेतलं आणि औषधांच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: हळद, चिमूटभर, आईनं दिलेली.